एक पिकअप, दोन नॉब, एक खटका : गिब्सनची जोन जेट मेलडी मेकर

सिग्नेचर गिटार म्हटलं की बहुतेक वेळा नेहमीचंच मॉडेल, वेगळा रंग, कुणाची तरी सही आणि त्या सहीचे जादा पैसे. अमेरिकन कंपनी गिब्सनने रॉक गायिका-गिटारवादक जोन जेटच्या नावाने २००८ मध्ये काढलेली जोन जेट मेलडी मेकर त्यातली नाही. तिच्यातले बदल वाजवणाऱ्या बाईने आधी वर्षानुवर्षं स्टेजवर वापरलेले आहेत आणि तिच्यात जे नाही, ते मुद्दाम ठेवलेलं नाही. आता ती मिळते वापरलेलीच. त्यामुळे ती वाजते कशी हे जितकं महत्त्वाचं, तितकंच ती कुठे त्रास देते आणि घेताना काय बघायचं हेही.

आधी तिचं कुळ. मेलडी मेकर ही गिब्सनने १९५९ मध्ये शिकाऊ मुलांसाठी आणलेली स्वस्त गिटार. महोगनीची सपाट, पातळ फळी, चिकटवलेली मान, एक बारीकसा सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग), आणि ब्रिज (तारा टेकतात तो भाग) व टेलपीस (तारा अडकतात तो भाग) मिळून एकच पट्टी. १९६१ मध्ये तिच्या बॉडीला मानेलगत दोन्ही बाजूंनी खाच (डबल कटअवे) आली. नावाजलेले वादक तिच्याकडे फारसं ढुंकूनही बघत नसत. जोन जेटकडची पांढरी मेलडी मेकर १९६५ ची, रास्पबेरीज बँडच्या एरिक कारमेनकडून आलेली. तिच्यात मूळ पिकअपच्या जागी हंबकर, म्हणजे गुणगुण दाबणारा दोन कॉइलचा पिकअप, होता. त्याआधी जोन गिब्सनचीच लेस पॉल वाजवायची. लेस पॉल भरते चार-साडेचार किलो, आणि ती गुडघ्यापर्यंत लोंबकळवून तासभर उड्या मारायच्या म्हणजे खांद्याचा निकाल. तिला हलकी गिटार हवी होती, ती मिळाली आणि मग सुटली नाही.

जिथे ही सगळी मागणी तयार झाली तो बँड म्हणजे द रनअवेज. १९७५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये जोन आणि ड्रमर सँडी वेस्ट यांच्यापासून तो सुरू झाला. जोन तेव्हा सोळा वर्षांची. पुढे गिटारवादक लिटा फोर्ड, गायिका चेरी करी, बासवादक जॅकी फॉक्स आल्या. सगळ्या विशीच्या आतल्या. निर्माता-मॅनेजर किम फॉली याने त्यांना बिनधास्त, भडक प्रतिमा देऊन विकलं, आणि वर्तमानपत्रांनी तारांपेक्षा चेरीच्या कॉर्सेटवर जास्त शाई खर्च केली. हा बँड पंक की हार्ड रॉक, यावर अजून हमरीतुमरी होते. गिटारच्या बाजूने पाहिलं तर उत्तर सोपं आहे: लिटाचे सोलो हार्ड रॉकचे होते, जोनची रिदम पंकची. १९७९ मध्ये बँड फुटला आणि त्याच वर्षी जोनने जर्म्स या पंक बँडच्या एकमेव स्टुडिओ अल्बमची निर्मिती केली, यावरून तिचा कल कळतो.

म्हणजे ही गिटार मोजायची ती रिदमच्या मापाने. सोलोसाठी, जॅझसाठी, घंटेसारख्या क्लीन आवाजासाठी ती बनलेलीच नाही, आणि तिला त्यावरून नावं ठेवणाऱ्यांनी दुसरी गिटार घ्यावी.

हातात घेतल्यावर

महोगनीची सपाट बॉडी, दोन्ही बाजूंनी खाच, पांढरा रंग, काळा पिकगार्ड. मानेवर रोझवुडऐवजी आबनुसाचा फ्रेटबोर्ड. स्केल, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी, २४¾ इंच, म्हणजे सुमारे ६२९ मिलिमीटर. फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, २२. ब्रिजपाशी एकच हंबकर, एक कॉइल काळी, एक पांढरट, वर धातूचं झाकण नाही. व्हॉल्यूम, टोन आणि एक छोटा खटका. २०१० मध्ये आलेली ब्लॅकहार्ट आवृत्ती काळ्या रंगाची, फ्रेटबोर्डवर लाल बदाम असलेली. बाकी यंत्रसामग्री तीच. त्यामुळे खाली जे येतं ते दोघींनाही लागू.

वजन साधारण अडीच ते तीन किलो. हीच तिची सगळ्यात मोठी जमेची बाजू. पण हलक्या अंगाला लांब मान म्हणजे तोल मानेकडे जातो. पट्टा लांब सोडून डावा हात काढला की मान जमिनीकडे झुकते, मग डाव्या हाताला कॉर्ड धरण्याबरोबर गिटार तोलण्याचंही काम लागतं, आणि अर्ध्या तासात अंगठा भरून येतो. उपाय साधा आहे: गुळगुळीत नायलॉनचा पट्टा काढून दोन-अडीच इंच रुंद, आतून खरखरीत चामड्याचा पट्टा लावा. घर्षणाने गिटार जागच्या जागी राहते. बॉडीत शिसं भरण्याचे सल्ले कुणी दिले तर सोडून द्या. हलकी गिटार घेऊन तिला जड करण्यात काय अर्थ?

एकच पिकअप असण्याचा एक फायदा चटकन लक्षात येत नाही. मानेजवळ पिकअप नाही, म्हणून तिथे लाकूड कोरलेलं नाही, आणि मान जिथे बॉडीत रुतते तिथे भरीव लाकूड शिल्लक राहतं. डबल कटअवेमध्ये मान बॉडीतून बरीच बाहेर असते, तिथे हे जास्तीचं लाकूड फार कामाचं. शिवाय मानेकडच्या पिकअपचं चुंबक तारांना ओढत नाही, त्यामुळे जाड तारांचा स्वर जास्त वेळ स्थिर राहतो.

आणि एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी. मुलीच्या नावाची गिटार म्हणून गिब्सनने ती लहान केलेली नाही, मान बारीक केलेली नाही, गुलाबी तर नाहीच. पूर्ण मापाची, कारखान्यातल्या इतर गिटारांच्या जातीचं लाकूड आणि पिकअप असलेली गिटार आहे. पहिल्या गिटार शिक्षकाने ‘मुली रॉक अँड रोल वाजवत नाहीत’ असं सांगितल्याची आठवण जोनने मुलाखतींत अनेकदा सांगितली आहे. तिच्या नावाने लाडिक खेळणं निघालं असतं तर त्या शिक्षकाचंच खरं ठरलं असतं.

आवाज

पिकअप आहे गिब्सनचा बर्स्टबकर ३. अल्निको २ चुंबक, दोन कॉइलवरचे वेढे मुद्दाम किंचित कमी-जास्त, आणि १, २, ३ या मालिकेत सगळ्यात जोरकस. तरीही आजच्या मेटल पिकअपांपुढे हा मवाळच. अल्निको २ मुळे वरचे स्वर टोचत नाहीत, आणि वेढ्यांतल्या फरकामुळे आवाजाला थोडी धार येते. महोगनी, आबनूस आणि ब्रिजपाशी असलेला पिकअप, या सगळ्याचा एकत्र परिणाम असा की पॉवर कॉर्डमधला मूळ स्वर आणि पंचम दोन्ही स्वच्छ कळतात. बासशी चिखल होत नाही.

ॲम्पवर गेन, म्हणजे आवाज फाटण्याचं प्रमाण, कमी ठेवा. पंक म्हणजे डिस्टॉर्शन पूर्ण, हा गैरसमज आहे. दहापैकी गेन पाच-सहा, बास चार, मिडल सहा-सात, ट्रेबल पाच, इथून सुरुवात करा. गेन जास्त झाला की झटके दबून जातात. जोरात मारलेला आणि हळू मारलेला फटका सारखाच ऐकू येतो, आणि खालच्या दिशेने आठ-आठ फटके मारण्याची सगळी मेहनत पाण्यात जाते. तिन्ही-चारी तारांची पूर्ण कॉर्ड धरणार असाल तर गेन आणखी एक आकडा खाली. डिस्टॉर्शनमध्ये तृतीय स्वर (मेजर कॉर्डमधला गंधार) इतर स्वरांशी भांडतो, पंचम भांडत नाही. म्हणून पॉवर कॉर्ड इतक्या वापरल्या जातात.

क्लीन आवाज हवा असेल तर पेडल नको, व्हॉल्यूमचा नॉब सहावर आणा. एकाच पिकअपच्या गिटारीत हा नॉब म्हणजेच चॅनल बदलण्याचा खटका. पण इथे पॉट (नॉबखालचा कमी-जास्त होणारा रोधक) कोणता बसवलेला आहे हे बघावं लागतं. त्या काळातल्या बऱ्याच गिब्सनमध्ये ३०० के लिनियर पॉट सापडतात. आतलं वायरिंग उघडलं की पॉटच्या पाठीवर आकडा छापलेला दिसतो. लिनियर पॉटमध्ये दहापासून चारपर्यंत कानाला फारसा फरक पडत नाही आणि मग आवाज एकदम कोसळतो. ५०० के ऑडिओ टेपर पॉट बसवला की उतार कानाला सरळ वाटतो, आणि वरची चमकही थोडी वाढते. व्हॉल्यूम कमी केल्यावर ट्रेबल मरतं असं वाटलं तर पॉटच्या इनपुट आणि आउटपुट टोकांमध्ये १५० के रेझिस्टर आणि ०.००१ मायक्रोफॅराड कपॅसिटर समांतर जोडा. टोनवर ०.०२२ मायक्रोफॅराड असेल तर तो राहू द्या.

या पिकअपची खरी कटकट वेगळी आहे. बर्स्टबकर १, २ आणि ३ मेणात बुडवलेले नसतात. १९५० च्या दशकातल्या पिकअपांसारखं वाटावं म्हणून कंपनीने तसं ठेवलंय. साध्या आवाजात हे छान. हरकती जिवंत वाटतात. पण छोट्या खोलीत, ॲम्प दोन हातांवर, गेन सातच्या पुढे गेला की पिकअप किंचाळायला लागतो. चांगला फीडबॅक आणि ही किंचाळी यांतला फरक ओळखायचा असा: चांगला फीडबॅक तारेतून येतो, तारेवर तळवा ठेवला की थांबतो. किंचाळी तारा सगळ्या दाबल्या तरी चालूच राहते, आणि तिचा स्वर वाजवत असलेल्या कॉर्डशी जुळत नाही. आणखी खात्री हवी तर गेन वाढवून पिकअपवर प्लेक्ट्रमने टकटक करा. स्पीकरमधून माइकवर टकटक केल्यासारखा आवाज आला, तर कॉइलची तार आत हलते आहे.

आधी बिनखर्चाचे उपाय: ॲम्पच्या समोर सरळ उभं न राहता त्याच्या बाजूला सरका, आणि पिकअपखाली घट्ट फोमचा तुकडा ठेवून तो डगमगणार नाही असं करा. एवढ्याने भागलं नाही तर मेण. पॅराफिन ८० टक्के, मधमाश्यांचं मेण २० टक्के, पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात वितळवायचं, थेट आचेवर कधीच नाही. तापमान ६० ते ६५ अंश सेल्सिअस, थर्मामीटरने मोजून. पिकअप तारेला बांधून सोडायचा आणि बुडबुडे येणं थांबेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, ठेवायचा. सत्तरच्या पुढे गेलात तर कॉइलची प्लॅस्टिकची बॉबिन वाकते आणि पिकअप कामातून जातो. बाहेर काढून जादा मेण पुसा, थंड होईपर्यंत हात लावू नका. आवाजातला थोडा मोकळेपणा जातो; मोठ्या आवाजात वाजवणाऱ्यांसाठी हा सौदा परवडतो, घरी हळू वाजवणाऱ्यांनी पिकअपला हातही लावू नये.

खटका

लोकांना सगळ्यात जास्त कुतूहल असतं ते या खटक्याचं. नाव किल स्विच. खाली पाडला की आवाज बंद. दोन गाण्यांच्या मध्ये ॲम्पची घरघर बंद करायची, तार बदलायची, ट्यून करायचं, यासाठी तो अत्यंत उपयोगी. आवाज तोडत तोडत वाजवण्याचा परिणाम मात्र यावर नीट जमत नाही, कारण हा खटका टाकल्या जागी राहतो. त्या खेळासाठी बोट काढताच परत येणारं बटण लागतं. बटण घातलंत तर मात्र गाण्यांच्या मधली शांतता गेली. दोन्ही हवं असेल तर खटका राहू द्या आणि तुटक आवाजासाठी पेडल वापरा.

अशा खटक्याचं वायरिंग दोन प्रकारे होतं. एकात सिग्नलची तार तुटते, दुसऱ्यात सिग्नल जमिनीला म्हणजे ग्राउंडला जोडला जातो. दुसरा प्रकार चांगला: आउटपुट जॅकचं टोक आणि बाही एकमेकांना जोडली जातात, ॲम्पला पूर्ण शांतता मिळते. पहिल्या प्रकारात केबल अधांतरी राहते, आणि बंद केल्यावर उलट गुणगुण वाढते, शिवाय ‘टक’ ऐकू येतं. वापरलेली गिटार घेताना खटका पाडून गेनवर ऐका. गुणगुण वाढली तर आधीच्या कुणीतरी वायरिंगला हात लावला आहे असं धरून चाला. दुरुस्ती दोन तारांची आहे: व्हॉल्यूमकडून जॅककडे जाणारी गरम तार अखंड ठेवायची, तिच्यावरून एक फाटा खटक्याच्या एका पायाला आणि दुसऱ्या पायापासून तार ग्राउंडला.

एक गोष्ट या खटक्याबाबत नक्की घडते: जोरात वाजवताना हाताने तो पडतो आणि गाण्याच्या मध्यात आवाज गायब होतो. घाबरून केबल, पेडल, ॲम्प तपासण्याआधी खटका बघा. वारंवार होत असेल तर खटक्याच्या मुळाशी जाडसर रबरी वॉशर बसवा म्हणजे तो थोडा जड होतो. किंवा खटक्याचा नट सैल करून तो नव्वद अंशात फिरवा, म्हणजे हाताचा फटका त्याच्या हालचालीच्या दिशेला आडवा जातो.

आणि हेही लक्षात ठेवा: जोन जेटच्या गाण्यांतल्या कॉर्डच्या मधल्या त्या करकरीत पोकळ्या खटक्याने आलेल्या नाहीत. १९८२ मध्ये अमेरिकेच्या यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलेलं तिचं ‘आय लव्ह रॉक अँड रोल’ हे गाणं ई, ए आणि बी या तीन कॉर्डवर उभं आहे, आणि त्यात थांबे आहेत म्हणूनच ते कानात बसतं. थांबा घेताना डाव्या हाताची बोटं तारेवरून न उचलता फक्त दाब सोडायचा, आणि त्याच क्षणी उजव्या तळव्याची कड ब्रिजजवळ टेकवायची. दोन्ही एकत्र नाही झालं तर तारा फ्रेटवर खरखरतात, किंवा सहावी तार तशीच घुमत राहते.

ब्रिज : इथे घाम निघतो

ब्रिज आणि टेलपीस मिळून एकच पट्टी, म्हणजे रॅपअराउंड. तार पुढून, मानेच्या बाजूने भोकात घालायची, मागून बाहेर काढायची आणि पट्टीवरून वळवून पुढे न्यायची. साधं, मजबूत आणि आवाजाला चांगलं. पण प्रत्येक तारेला टेकायला वेगळं, सरकवता येणारं सॅडल नाही, म्हणून प्रत्येक तारेचं इंटोनेशन (दाबलेला स्वर सगळ्या फ्रेटवर सुरात असणं) वेगळं लावता येत नाही. दोन्ही टोकांना मागच्या बाजूने एकेक बारीक ग्रब स्क्रू असतो, बस, तेवढ्याच दोन जागा.

पद्धत अशी. आधी नव्या तारा लावा. जुन्या तारांवर इंटोनेशन लावणं व्यर्थ. गिटार ट्यून करा. सहाव्या तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला स्वर चढा असेल तर ब्रिज मागे, म्हणजे मानेपासून दूर न्यायचा. त्या बाजूचा ग्रब स्क्रू आत फिरवला की तो पट्टी धरून ठेवणाऱ्या खुंट्याला रेटतो आणि पट्टी मागे सरकते. उतरा असेल तर स्क्रू सोडवायचा. पण फिरवण्याआधी त्या बाजूच्या तारा सैल करा. ताणाविरुद्ध फिरवलं तर स्क्रूचं षटकोनी भोक गोल होतं, आणि मग ॲलन की नुसती फिरत राहते. पाव फेरा, पुन्हा ट्यून, पुन्हा ताडून पाहा. मग तसंच पहिल्या तारेचं.

दोन टोकं जमली की मधल्या चार तारा नशिबावर. यात तिसरी, म्हणजे जी, हमखास दगा देते. साधी, न गुंडाळलेली जी तार बारीक वाटली तरी तिला जास्त मागे सॅडल लागतं. १९६० च्या दशकातल्या गिब्सनच्या उंचवट्यांच्या पट्ट्या गुंडाळलेल्या जी तारेसाठी आखलेल्या होत्या, आणि तशीच पट्टी असली तर आजच्या साध्या जी तारेचा स्वर चढाच राहतो. रिदम वाजवणाऱ्यांसाठी यावर व्यवहारी तोडगा आहे: जी तार मोकळी ट्यून न करता पाचव्या फ्रेटवर दाबून ट्यून करा. तुमच्या कॉर्ड पहिल्या सात फ्रेटमध्येच असतात, तिथे चूक वाटली जाते. बाराव्याच्या पुढे सोलो वाजवायचा असेल तर प्रत्येक तारेला वेगळं सॅडल असलेली रॅपअराउंड पट्टी बाजारात मिळते. विकत घेण्याआधी दोन खुंट्यांमधलं अंतर मोजा, ते साधारण ८२ मिलिमीटर असतं. खुंटेही बदलणार असाल तर अमेरिकन गिब्सनचे आटे इंची मापाचे असतात. मेट्रिक खुंटे जबरदस्तीने घुसवलेत तर बुशिंगचे, म्हणजे खुंट्यासाठी लाकडात बसवलेल्या धातूच्या नळीचे, आटे जातात, आणि मग कारागिराकडे जाण्यावाचून इलाज नाही.

तारा बदलताना एकेक तार काढा आणि लावा. सगळ्या एकदम काढल्या की पट्टी खाली पडते, आणि पांढऱ्या रंगावर तिचा ओरखडा कायमचा बसतो. पट्टी पुढे झुकलेली दिसली, म्हणजे तिची मागची कड उचललेली वाटली, तर खुंटा बुशिंगमध्ये सैल आहे. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे एक-दोन वेढे दिले की बहुतेक वेळा भागतं. बुशिंगच लाकडातून वर आलेलं असेल तर टेपने काही होणार नाही.

तारा आणि सेटअप

फेंडरच्या साडेपंचवीस इंची स्केलपेक्षा हिच्यावर त्याच तारेचा ताण सुमारे ६ टक्क्यांनी कमी. ०.०१० ते ०.०४६ इंच जाडीच्या तारांचा संच घातलात आणि सगळे फटके खालच्या दिशेने जोरात मारलेत, तर सहावी तार फटक्याच्या क्षणी स्वर चढवते आणि मग खाली येते. ट्यूनरचा काटा आधी उजवीकडे उडी मारतो. गिटार सतत किंचित बेसूर वाटते ती यामुळे, आणि दोष ट्यूनिंगच्या खुंट्यांना दिला जातो. ०.०११ ते ०.०४९ चा संच घाला, किंवा वरच्या तारा ०.०१० च्या ठेवून खाली ०.०५२. जाड तारेसाठी नटची, म्हणजे मानेच्या डोक्याकडच्या टोकाला तारा टेकतात त्या तुकड्याची, खाच रुंद करावी लागते. नाही केली तर ट्यून करताना ‘टिंग’ असा आवाज येऊन स्वर एकदम उडी मारतो. खाचेच्या मापाची कानस वापरा, खोली वाढवू नका, आणि शेवटी पेन्सिलीचं शिसं घासा.

मानेचा बाक बघताना सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबा, सातव्या-आठव्या फ्रेटवर फट ०.२ ते ०.२५ मिलिमीटर हवी. ट्रस रॉडचा, म्हणजे मानेचा बाक आवरणाऱ्या आतल्या सळईचा, फिरवायचा नट ५/१६ इंचाचा, एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची २ मिलिमीटर, पहिल्या तारेची १.५. हात जड असेल तर सहावी २.२ पर्यंत नेली तरी चालेल. दोनच्याही खाली आणलीत की तार फ्रेटवर आपटते, आणि तो आवाज ॲम्पमधून डिस्टॉर्शनसारखाच वाटतो, म्हणून बराच काळ कळत नाही. पिकअप आणि शेवटच्या फ्रेटवर दाबलेल्या तारेत अंतर १.६ मिलिमीटर ठेवून सुरुवात करा. कॉर्ड कोंदट वाटल्या तर बासच्या बाजूने अडीचपर्यंत खाली न्या. प्लेक्ट्रम ०.७३ ते ०.८८ मिलिमीटरचं. एक मिलिमीटरच्या पुढचं प्लेक्ट्रम जलद खालच्या फटक्यांत अडकतं आणि मनगट लवकर थकतं.

स्टिकर लावायचे का?

जोनची मूळ गिटार स्टिकरांनी भरलेली होती, आणि ही गिटार घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना तेच करायचं असतं. गिब्सनचा रंग नायट्रोसेल्युलोज लॅकरचा असतो. तो वर्षानुवर्षं थोडा मऊच राहतो, श्वास घेतो, पांढरा असेल तर पिवळसर होत जातो. व्हायनलच्या स्टिकरमधलं रसायन त्यात उतरतं, आणि पाच वर्षांनी स्टिकर काढलात तर खाली त्याच्या आकाराचा वेगळा पांढरा चौकोन आणि चिकट थर राहतो. पुढे विकायची असेल तर स्टिकर पिकगार्डवर लावा. तो प्लॅस्टिकचा आहे, बदलता येतो. कायम ठेवायची असेल तर खुशाल लावा, तिचा जन्मच त्यासाठी आहे. खरा धोका स्टिकरचा नाही, स्टँडचा आहे. स्वस्त स्टँडचं रबर या रंगाला एका रात्रीत चिकटतं आणि खड्डा पाडतं. स्टँडच्या हातांवर सुती कापड गुंडाळा. व्हायनलच्या पट्ट्याची शेपटी गिटारवर ठेवून पेटी बंद करू नका, त्याचाही तोच परिणाम.

घेताना काय बघायचं

सगळ्यात आधी हेडस्टॉक, म्हणजे मानेचं डोकं. महोगनीची मान, मागे झुकलेलं डोकं आणि नटच्या मागे ट्रस रॉडसाठी कोरलेली पोकळी, म्हणून सगळ्या गिब्सन तिथेच मोडतात. नटच्या मागे दोन्ही बाजूंनी टॉर्च तिरपा धरून बघा. केसासारखी रेघ दिसली तर बोटाने हलका दाब द्या. रेघ उघडते का ते पाहा. पांढऱ्या गिटारीत मानेच्या मागच्या रंगाची छटा त्या एका पट्ट्यात वेगळी असेल तर दुरुस्ती झाली आहे. नीट चिकटवलेली मान वाजवायला काही वाईट नसते, पण किंमत त्या हिशेबाने खाली यायला हवी.

मग फ्रेट. ज्याने ही गिटार तिच्या कामासाठी वापरली, त्याने पहिले पाच फ्रेट चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या तारेखाली झिजवलेले असणार. नखाने खाच लागते का बघा. उथळ असेल तर घासून समतल करता येते. खोल असेल तर ते पाच फ्रेट बदलण्याचा खर्च धरा. आबनूस कोरड्या हवेत तडकतो, म्हणून बोर्डच्या कडेला आणि शेवटच्या फ्रेटच्या पुढे चिरा शोधा. पेटीत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता ठेवली तर पुढे त्रास होत नाही. आतलं वायरिंग उघडून बघायची परवानगी मागा. पिकअपच्या तारेला नवं सोल्डर दिसलं तर मूळ बर्स्टबकर आत आहे का ते विचारा. तो काढून वेगळा विकणारे बरेच आहेत.

जुन्या, १९६० च्या दशकातल्या मेलडी मेकरवर हंबकर बसवून हीच गिटार स्वतः बनवायचा मोह होतो. करू नका. त्यासाठी लाकूड कोरावं लागतं, आणि अस्सल, न कापलेल्या जुन्या गिटारची किंमत कोरल्याक्षणी पडते. आधीच कुणीतरी कोरलेली मिळाली तर मात्र अवश्य घ्या, ती स्वस्त असते आणि तिचा इतिहासही जोनच्या गिटारसारखाच आहे. लेस पॉल ज्युनियर हाही पर्याय आहे, एकच पी-९० पिकअप असलेला. जॉनी थंडर्सपासून मिक जोन्सपर्यंत पंकवाल्यांनी तो वाजवलाय. आवाज जास्त रांगडा, पण सिंगल कॉइल असल्याने ट्यूबलाइट आणि डिमरजवळ गुणगुणतो. गुणगुण सहन होत नसेल तर हंबकरवालीच बरी.

गिब्सनच्याच मालकीच्या एपिफोनने जोन जेटच्या नावाने काढलेली ऑलिम्पिक स्पेशल कमी पैशांत याच आखणीची गिटार देते: पांढरी, दोन्ही बाजूंनी खाच, एक हंबकर, एक खटका. नव्याने सुरू करणाऱ्यांनी आधी तीच वाजवून बघावी. ती घेतली तर पहिल्या दिवशी नटच्या खाचा साफ करा, सगळे स्क्रू आणि जॅकचा नट घट्ट करा, आणि वरचं ब्रिज आणि तारांचं सगळं तसंच करा. पॉट आणि खटका कुरकुरायला लागले की बदला. पिकअपला मात्र तुमच्या उजव्या हातात खालचे फटके न थकता तीन मिनिटं टिकेपर्यंत हात लावू नका.